आळेफाटा: चार रस्त्यांनी वसवलेली जागा

आजच्या भागात राज्याभिषेक नाही, तह नाही, आणि लढाई असलीच तर एका वाक्यापुरती आहे. आज आपण एका फाट्याचा इतिहास बघणार आहोत. हो, फाट्याचा. जिथे एसटी थांबते, कंडक्टर 'दहा मिनिटं थांबेल गाडी' म्हणतो, आणि आपण चहा-वडापाव घेऊन परत खिडकीत येऊन बसतो, तोच फाटा.

नाव आहे आळेफाटा. तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. पुणे-नाशिक रस्त्याने कधी गेला असाल तर तुम्ही इथून गेलेला आहातच. मीसुद्धा किती वेळा गेलोय, मोजलेलं नाही. पण तुमच्यासारखंच मलाही बरीच वर्षं हा फाटा म्हणजे 'अर्धा प्रवास संपला' एवढंच वाटायचं. नंतर एकदा नकाशा उघडून बसलो, आणि मग हा विषय काही डोक्यातून जाईना. इतिहासाच्या पुस्तकांनी ज्याला अक्षरशः फाट्यावर मारलंय, अशा या जागेत दोन हजार वर्षांची गोष्ट दडलीये.

आधी शब्द बघू. फाटा म्हणजे मुख्य वाटेला फुटलेली दुसरी वाट. आपल्याकडे अशा जागांना प्रत्येक भागात वेगळं नाव आहे. कोकणात तिठा म्हणतात, जसा रत्नागिरीजवळचा हातखंबा तिठा. लातूरकडे पाटी म्हणतात, कारण रस्त्याकडेला गावाच्या नावाची पाटी उभी असते. दौंड तालुक्यात तर एका ठिकाणाचं नावच चौफुला आहे. म्हणजे चार रस्ते फुटलेली जागा, आणि तेच तिचं नाव.

आता या नावांमध्ये एक गंमत बघा. गावाला स्वतःचं नाव असतं. फाट्याला नसतं. त्याचं नाव उसनं असतं. आळेफाटा म्हणजे 'आळे गावाकडे जाणारा फाटा'. मूळ आळे गाव इथून जवळच, पूर्वेला नगरच्या बाजूला आहे. म्हणजे ही जागा सुरुवातीला फक्त दिशा दाखवायची. पुढे काय झालं? बाहेरच्या माणसाला फाटा माहीत, गाव माहीत नाही. हे उलटं कसं झालं, तीच आजची गोष्ट.

डोळ्यांसमोर एक अधिकचं चिन्ह आणा. खाली दक्षिणेला पुणे. वर उत्तरेला संगमनेर, सिन्नर, नाशिक. डावीकडे पश्चिमेला ओतूर, मग माळशेज घाट, मुरबाड आणि कल्याण. उजवीकडे पूर्वेला आळे, बेल्हे आणि पुढे नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. या दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे आळेफाटा. उभ्या रस्त्याचा जुना नंबर राष्ट्रीय महामार्ग ५०, आता ६०. आडव्याचा जुना २२२, आता ६१.

यातली उभी रेष आज जास्त धावती आहे. पण इतिहासात जास्त गाजली ती आडवी. कल्याणकडून घाट चढून नगरकडे, आणि तिथून पुढे पैठणकडे जाणारी.

चला, दोन हजार वर्षं मागे जाऊ. पैठण, म्हणजे तेव्हाचं प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी. कल्याण आणि सोपारा ही बंदरं. मधे सह्याद्रीची भिंत. माल बंदरात न्यायचा तर ही भिंत उतरायलाच हवी. त्यासाठी जी वाट वापरली जायची ती म्हणजे नाणेघाट. तुमच्यातले अर्धे लोक पावसाळ्यात तिथे जाऊन रील काढून आलेले असणार. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. सातवाहनांनी केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेची ती यादी आहे, हजारो गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. आणि त्यात आकडे आहेत! आपण आज जे अंक लिहितो त्यांची अगदी जुनी रूपं त्या भिंतीवर बघायला मिळतात. बाहेर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत, असं परंपरेने सांगतात.

घाट चढून वर आलं की पहिलं मोठं शहर जुन्नर. जुन्नरच्या भोवती दोनशेहून जास्त लेणी खोदलेली आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी. एवढी लेणी एका शहराभोवती का? कारण पैसा होता. आणि पैसा का होता? कारण वाट होती. इथल्या शिलालेखांत दान देणारे कोण आहेत बघा. धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी, म्हणजे संघटना. बांबूकाम करणारे. कासार. आणि चक्क यवन, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. वाटेवर कमावणारी माणसं आपलं नाव दगडात कोरून गेलीत. हे लक्षात ठेवा, शेवटी याच्याकडे परत यायचंय.

तर तेव्हा या भागातला चौक होता जुन्नर. आळेफाटा नावाचं काही नव्हतं. पण आळे मात्र वाटेवर असणार, असं मानायला एक छान कारण आहे. पुरावा म्हणणार नाही मी, खूण म्हणेन. ती खूण म्हणजे एक रेडा.

ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्याच्या मुखातून वेद वदवले, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण त्या रेड्याचं पुढे काय झालं? परंपरा अशी सांगते की ही भावंडं पैठणहून निघाली, तो रेडाही त्यांच्याबरोबर होता. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. मग आळंदीकडे परत येताना वाटेत रेडा गेला. ज्ञानेश्वरांनी त्याला समाधी दिली. ती समाधी आळे गावात आहे. आजही लोक तिथे दर्शनाला जातात.

आता कथा खरी की खोटी हा वाद आज नको. मला त्यातला भूगोल महत्त्वाचा वाटतो. पैठण, नेवासा, आळे. ही नावं क्रमाने जोडा आणि रेष तशीच पश्चिमेकडे वाढवा. तुम्ही जुन्नरला आणि नाणेघाटाला पोचता. म्हणजे लोकांच्या आठवणीत पैठणहून निघालेला माणूस आळ्यावरून येतो, हे सहज पटण्यासारखं होतं. लोककथा तारखा विसरतात, पण वाटा सहसा विसरत नाहीत.

ही आडवी वाट पुढेही जागी राहिली. १४९०मध्ये मलिक अहमदने बहमनी सत्तेपासून वेगळं होऊन निजामशाही उभी केली, ती जुन्नरच्या जोरावर. मग त्याने राजधानी नेली स्वतः वसवलेल्या अहमदनगरला. म्हणजे एका राज्याचं जुनं ठाणं जुन्नर, नवी राजधानी नगर, आणि त्या दोघांच्या मधल्या पट्ट्यात आळे. १६३०मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. आणि १६५७मध्ये महाराजांनी मोगलांच्या ताब्यातलं जुन्नर लुटलं. ही ती एका वाक्यातली लढाई. आपल्या विषयापुरता अर्थ एवढाच: तेव्हाही जुन्नर लुटण्याइतकं श्रीमंत होतं.

मग घसरण कधी झाली? इथे येते रेल्वे.

१८५३ला मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. आता इंग्रजांपुढे तोच सातवाहनांचा प्रश्न होता: सह्याद्री चढायचा कसा? माणूस आणि लमाणांचे बैल नाणेघाट चढू शकतात. पाठीवर गोणी टाकली की झालं. पण चाकाला चढ सौम्य लागतो, आणि आगगाडीला तर फारच सौम्य. नाणेघाटाला पायऱ्या आहेत हो! तिथून गाडी कशी जाणार? म्हणून कल्याणला रूळ दोन दिशांना फुटले. एक रेष बोरघाटातून पुण्याकडे, तो घाट १८६३ला खुला झाला. दुसरी थळघाटातून इगतपुरी-नाशिककडे, तो १८६५ला.

आणि जुन्नर? या दोन रेषांच्या बरोबर मधे राहिलं. कोरडं.

पुढे दौंड-मनमाड रेल्वेने नगरलाही स्टेशन मिळालं. आता आपलं ते अधिकचं चिन्ह परत आठवा. कल्याणला रेल्वे, पुण्याला रेल्वे, नाशिकला रेल्वे, नगरला रेल्वे. चारही टोकांना गाडी आहे, आणि मधल्या चौकात एकही रूळ नाही. जुन्नर तालुक्यात आजही रेल्वे स्टेशन नाही.

मला वाटतं आळेफाट्याचा जन्म नेमका या पोकळीत झाला. रेल्वे नाही म्हटल्यावर जे काही येणार-जाणार ते सगळं रस्त्याने. आणि मोटारीचा रस्ता आला तेव्हा त्याने आपली गणितं नव्याने मांडली. पश्चिमेचा रस्ता नाणेघाटातून जाऊच शकत नव्हता, तो माळशेजमधून काढला गेला. माळशेजवरून ओतूरमार्गे नगरला जायचं तर जुन्नर शहरात शिरायची गरज नाही. पुणे-नाशिक रस्ताही नारायणगावावरून सरळ वर जातो, जुन्नर बाजूला राहतं. दोन्ही रस्त्यांनी जुन्नरला वळसा घातला आणि ते एकमेकांना भेटले माळावर, आळे गावाच्या वेशीबाहेर. दोन हजार वर्षं जुन्नरचा असलेला चौक अलगद इकडे सरकला. कुणी ठराव केला नाही, कुणी नारळ फोडला नाही.

मग आली एसटी. १ जून १९४८ला पहिली एसटी धावली, पुणे ते अहमदनगर. पुढच्या काही दशकांत एसटी महाराष्ट्रभर पसरली. आता एसटीचा एक साधा नियम आहे. लांब पल्ल्याची गाडी प्रत्येक गावात आत जात नाही, फाट्यावर सोडते. तिथून पुढे चालत, बैलगाडीने, नंतर सायकलने, मग वडाप जीपने. म्हणजे फाट्यावर माणूस थांबतो. आणि माणूस थांबला की काय काय लागतं? आधी सावली, मग पाणी, मग चहा. एक टपरी उभी राहते. शेजारी पंक्चरवाला. मग पानपट्टी, सलून, खताचं दुकान, दवाखाना, मोबाइल रिचार्ज. महाराष्ट्रातले शेकडो फाटे याच क्रमाने वसलेत. गाव वसतं पाण्याच्या कडेला, नदी बघून. फाटा वसतो थांबणाऱ्या माणसाच्या कडेला.

पण नुसत्या थांबणाऱ्या माणसांवर एवढा पसारा उभा राहत नाही. दुसरी गोष्ट घडली ती पाण्याची. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली: माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. कालवे आले, आणि जिरायत रानात ऊस, टोमॅटो, द्राक्षं, कांदा दिसायला लागला. कांदा काढला की तो विकायला नेणार कुठे? जिथून चारही दिशांना ट्रक सुटतो तिथे. म्हणून जुन्नर बाजार समितीचा उपबाजार आळेफाट्याला आहे आणि त्याचं नाव कांद्याने झालंय. एक बारकावा सांगतो. नाशिककडे कांद्याचा भाव क्विंटलमध्ये बोलतात. इथे दहा किलोमध्ये बोलतात. तुम्ही लासलगाव आणि आळेफाट्याचा भाव शेजारी ठेवून बघाल तर दचकाल, म्हणून सांगितलं. कांद्याशिवाय इथला दुभत्या संकरित गाईंचा बाजारही प्रसिद्ध आहे, लांबून लोक गाई बघायला येतात.

लिलावाच्या दिवशी इथे उभं राहून बघा. पाठीवर गोण्या घेऊन नाणेघाट चढणारे बैल गेले, त्यांच्या जागी पिकअप आणि ट्रक आले. काम तेच: देशावरचा माल घाटाखाली उतरवणं. आणि जोखीमही थोडीफार तीच. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरड कोसळली की घाट बंद, आणि फाट्यावरच्या माणसाला ते टीव्हीवर यायच्या आधी कळतं, कारण गाड्या उलट्या फिरून यायला लागतात.

बरं, एवढी मोठी जागा, मग तिचा कारभार कोण बघतं? आळेफाटा नावाची स्वतंत्र ग्रामपंचायत नाही. एक बाजू आळे ग्रामपंचायतीत येते, दुसरी वडगाव आनंदच्या हद्दीत. आळेफाट्याला स्वतःच्या नावाचं पोलीस ठाणं आहे, बसस्थानक आहे, बाजार आहे, पण स्वतःचा सरपंच नाही. कोणत्याही फाट्याचं हे खास दुखणं आहे. फाटा वाढतो तो दोन-तीन गावांच्या शिवेवर. सातबाऱ्यावर मूळ गावाचं नाव. मग चौकातला कचरा कुणाचा, गटार कुणाचं, रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी पोरांची काळजी कुणी करायची? रस्ता सरकारचा, जमीन गावाची, धंदा तिसऱ्याचा. आणि इतिहास? तो कुणाचाच नाही. गावाला वेस असते, ग्रामदैवत असतं, जत्रा असते, जुनं दप्तर असतं. त्यामुळे गावाची बखर कुणीतरी लिहितं. फाट्यावर पहिली टपरी कुणी टाकली, याची नोंद कोण करणार?

तुम्ही म्हणाल, नसली नोंद तर काय बिघडलं? आता मी ज्यासाठी हा भाग केला तिथे येतो.

जी जागा वाटेमुळे जन्मली ती वाट वळली की अडचणीत येते. जुन्नरचं आपण आत्ताच बघितलं. आळेफाट्याच्या वाट्याला हे वळण दोनदा आलंय, आणि दोन्ही आपल्या डोळ्यांदेखत.

पहिलं म्हणजे बाह्यवळण. पुणे-नाशिक महामार्ग रुंद करताना गावांच्या बाहेरून बायपास काढले गेले, आळेफाट्यालाही झाला. आता थेट नाशिकला जाणाऱ्या गाडीला चौकात यायची गरजच नाही. याचा राग धरावा असं मी म्हणत नाही. तासन्तास कोंडी, ऊसवाहू ट्रॅक्टर, त्यातून अडकलेली रुग्णवाहिका, हे ज्याने बघितलंय तो बायपासला नाही म्हणणार नाही. पण ज्याचं पोट थांबणाऱ्या गाडीवर आहे, त्याच्यासाठी वाचलेली दहा मिनिटं म्हणजे गेलेलं गिऱ्हाईक. बाजार आणि बसस्थानक असल्यामुळे आळेफाटा तग धरतोच आहे. ज्या छोट्या फाट्यांकडे फक्त चहा होता, त्यांचं काय होतं ते तुम्ही तुमच्या भागात बघितलंच असेल.

दुसरं वळण रेल्वेचं. पुणे-नाशिक रेल्वेची मागणी जुनी आहे. अलीकडे साधारण २३५ किलोमीटरच्या वेगवान मार्गाचा आराखडा झाला, तो नारायणगावच्या बाजूने, जुन्नर तालुक्यातून जाणारा. दीडशे वर्षांची पोकळी भरणार असं वाटलं. पण तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे, जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आकाशातून येणारे अत्यंत क्षीण रेडिओ संकेत त्या ऐकतात. जवळून विजेवरची रेल्वे गेली तर तिचा गोंगाट त्या संकेतांत मिसळणार. हे कारण देऊन रेल्वेने मार्ग बदलायचं ठरवलं, आणि पर्याय पुढे आला तो अहिल्यानगर-शिर्डीकडून. जुन्नर, संगमनेर, अकोले भागातल्या लोकांनी याला विरोध केला, आंदोलनं केली.

यात खलनायक कुणी नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. दुर्बीण आपलीच आहे आणि ती अभिमानाची गोष्ट आहे. नाणेघाटात आकडे कोरणाऱ्या मुलखात आज तारे मोजले जातात, याहून भारी काय! पण रेल्वेसाठी बोरघाट निवडताना जुन्नरच्या व्यापाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि आजही रेषा नकाशावर आधी सरकते, फाट्याला नंतर कळतं. फरक एवढाच पडलाय की आज त्या रेषेखालची माणसं बोलतात. आणि बोलायचं तर स्वतःची गोष्ट माहीत असावी लागते. 'आमचा फाटा वगळू नका' असं म्हणणाऱ्याला समोरचा विचारतो, 'तुमच्या फाट्यावर आहे तरी काय?' तेव्हा 'दोन हजार वर्षांची वाट आहे, आणि तिच्यावर आजही देशावरचा माल घाटाखाली जातो' हे उत्तर हाताशी असलेलं बरं.

जुन्नरच्या त्या धान्य व्यापाऱ्यांनी लेणं कोरून घेतलं, म्हणून ते होते हे आपल्याला माहीत आहे. आळेफाट्याच्या कांदा व्यापाऱ्याने, हमालाने, एसटीच्या नियंत्रकाने, पहिल्या चहावाल्याने काहीच कोरून ठेवलेलं नाही. त्यांच्यातली जुनी माणसं अजून आहेत, पण फार वर्षं नसतील.

म्हणून आज एक काम देतो. सोपं आहे, फोन हातातच आहे. तुमच्या गावाच्या फाट्यावर, तिठ्यावर, पाटीवर, चौफुल्यावर जा. तिथल्या सगळ्यात जुन्या दुकानात बसा, चहा सांगा आणि चार प्रश्न विचारा. इथे सगळ्यात आधी काय होतं? पहिली एसटी किती वाजता यायची? पाणी कुठून आणायचे? आणि रस्ता रुंद झाला तेव्हा कुणाचं दुकान गेलं? परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. नाव सांगायचं नसेल तर नाव नको. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंगसुद्धा पुष्कळ झालं.

आणि जमलं तर आम्हालाही पाठवा, आपण त्यातून एक वेगळा भाग करू. पुढच्या वेळी आळेफाट्यावरून जाताना गाडी दहा मिनिटं थांबली तर खिडकीतून एकदा पश्चिमेकडे बघा. त्या बाजूला नाणेघाट आहे. पाठीमागे, खूप लांब, पैठण. आणि मधे तुम्ही, वडापाव खात.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, विचारत राहा. नमस्कार!